माझ्या ४१, त्याच्या ६३: उल्का मोजणाऱ्याने आपला डोळा कसा मोजावा

डिसेंबर २०२३, मिथुन उल्कावर्षावाची रात्र. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, आभाळ लख्ख. दोन आरामखुर्च्या, मध्ये हातभर अंतर. एकीत मी, दुसरीत माझा धाकटा भाऊ. दोघांची तोंडं एकाच दिशेला, बोलायचं नाही असं ठरलेलं. तासाभराने रेकॉर्डर बंद केले, नंतर आकडे ताडून पाहिले. माझ्या ४१, त्याच्या ६३.

“ताई, डुलकी लागली होती का गं?”

नव्हती लागली. (एकदा लागली होती, ते पुढे सांगते.) मी वीसेक वर्षं उल्का मोजते आहे, तो आठ. अनुभव माझा जास्त, आकडा त्याचा मोठा, आणि हे दर वर्षी होतं. नव्याने मोजायला बसणारे मला सगळ्यात जास्त हेच विचारतात: शेजारच्याला दिसल्या त्या मला का नाही दिसल्या? विचारून थांबले तर बरं. बहुतेक जण पुढच्या तासाला शेजाऱ्याच्या “अरे वा!”कडे कान लावून बसतात, झटकन मान वळवतात आणि शेपूट दिसलं न दिसलं तरी वहीत रेघ ओढतात. आकडा फुगतो आणि त्या तासाची नोंद फुकट जाते.

दोन माणसांचे डोळे सारखं बघत नाहीत आणि ते सारखे करायचेही नसतात. आपला डोळा किती बघतो ते माहीत असलं की पुरतं. ते कसं काढायचं, मी करते तसं सांगते.

आधी नशीब बाजूला काढा

डोळ्याला दोष देण्याआधी एक छोटा हिशोब करा. उल्का ठरावीक अंतराने पडत नाहीत. पाच मिनिटं काहीच नाही आणि मग दहा सेकंदांत तीन, असं चालतं. त्यामुळे तुम्हाला तासात ९ आणि शेजाऱ्याला १४ दिसल्या, तर त्यातून डोळ्याबद्दल काहीही कळत नाही. दोन्ही आकड्यांची बेरीज करा, २३. तिचं वर्गमूळ ४.८ च्या आसपास. तुमच्यातला फरक ५. म्हणजे निव्वळ योगायोगानेही तेवढा फरक पडतो. फरक वर्गमूळाच्या दुपटीहून मोठा असेल तरच पुढे विचार करायचा. आमच्या दोघांच्या आकड्यांची बेरीज १०४, वर्गमूळ १०, फरक २२. इथे काहीतरी आहे. एकाच आभाळाखाली शेजारी शेजारी बसलेल्यांसाठी हा निकष खरं तर जरा कडक आहे, कारण काही उल्का दोघांनाही दिसलेल्या असतात. पण कडकच बरा. पाच-दहा उल्कांवरून “माझी नजर अधू आहे” असं ठरवून मोजणी सोडून दिलेले लोक मी पाहिले आहेत.

दिवसाची नजर वेगळी, रात्रीची वेगळी

सप्तर्षीतल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती दिसते म्हणून नजर चांगली, असं समजणारे खूप. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यात सुमारे १२ कलांचं अंतर आहे. ते वेगळे दिसणं ही नजरेच्या तीक्ष्णतेची परीक्षा झाली, अंधुक प्रकाश टिपण्याची नव्हे. ही दोन कामं डोळ्यातल्या दोन वेगळ्या पेशी करतात. बारकावा आणि रंग शंकुपेशींकडे, अंधुक उजेड दंडपेशींकडे. आणि आपण जिथे रोखून बघतो, त्या पीतबिंदूच्या अगदी मध्यात दंडपेशी नसतातच. त्यांची सगळ्यात दाट वस्ती तिथून सुमारे १८ ते २० अंश बाजूला असते. त्यामुळे अंधुक उल्का नेहमी नजरेच्या कडेने दिसते. तिच्याकडे वळून बघेपर्यंत ती संपलेली असते.

यातच वयाचा वाटा येतो. तरुणपणी अंधारात बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीच्या आसपास ती ५ वर येऊ शकते. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण प्रकाश येतो तो क्षेत्रफळातून. ७ चा वर्ग ४९, ५ चा २५. निम्मा उजेड गेला, म्हणजे ताऱ्यांचं तेज मोजायच्या मापात, प्रतीत, जवळजवळ पाऊण प्रत. शिवाय भिंगात पिवळेपणा चढत जातो आणि निळा उजेड अडतो. मी ५४ वर्षांची, भाऊ ४१. यावर व्यायाम नाही, औषध नाही. मान्य करायचं आणि वहीत जन्मवर्ष लिहायचं.

चष्म्याचं मात्र करता येतं, आणि इथे मी कित्येक वर्षं मूर्खपणा केला. अंधारात बऱ्याच लोकांची नजर किंचित लघुदृष्टीकडे सरकते, दिवसा बरोबर असलेला नंबर रात्री थोडा कमी पडतो. मला वाटायचं, तारे जरा फुगलेले दिसतात ते धुक्यामुळे. शेवटी डोळे तपासणाऱ्याकडून वेगवेगळ्या नंबरच्या चाचणीच्या काचा एका रात्रीपुरत्या मागून आणल्या आणि आभाळाखाली चष्म्यापुढे एकेक धरून पाहिली. उणे पावची काच पुढे धरताच कृत्तिकांचा पुंजका सुटा सुटा झाला. आता माझा रात्रीचा चष्मा वेगळा आहे: नंबर पावाने जास्त आणि काचा भल्यामोठ्या. अरुंद काचांचा चष्मा दिसायला छान, पण उल्का काचेबाहेरच्या पट्ट्यात पडली तर मला ती पुसट रेघ म्हणूनही दिसत नाही. दिवसा हा चष्मा घालून मी बाहेर पडणार नाही, ती गोष्ट वेगळी.

अंधाराला डोळा सरावायला तीस ते चाळीस मिनिटं लागतात हे सगळ्यांना पाठ असतं. पण दिवसभर गॉगलशिवाय कडक उन्हात फिरलं की त्या रात्री डोळे सरावायला आणखी वेळ लागतो, हे फारसं कोणी लक्षात घेत नाही. बॅटरी लाल असावी कारण दंडपेशींना गडद लाल जवळजवळ दिसत नाही. पण लाल म्हणजे मंद लाल. नकाशावरची अक्षरं जेमतेम वाचता येतील इतकीच. फोन खिशात, आणि खिसा बंद.

चाळीस मिनिटांनंतरही तुम्हाला बाकीच्यांच्या मानाने फारच थोडे तारे दिसत असतील, चालताना ठेचा लागत असतील, तर तो या लेखाचा विषय नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. रातांधळेपणा, अ जीवनसत्त्वाची कमतरता, मोतीबिंदू, कारणं अनेक असतात.

सीमाप्रत: स्वतःची, शेजाऱ्याची नव्हे

आपल्याला दिसणाऱ्या सगळ्यात अंधुक ताऱ्याची प्रत म्हणजे सीमाप्रत, आमच्या बोलण्यात “एलएम”. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद. गटाने मोजणी केली की एक जण सीमाप्रत काढतो आणि बाकीचे तोच आकडा आपापल्या तक्त्यात उतरवतात, ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. सीमाप्रत जेवढी आभाळाची तेवढीच डोळ्याची असते.

काढायची रीत सोपी आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेने, म्हणजे आयएमओने, आभाळात काही त्रिकोण-चौकोन ठरवून दिले आहेत. त्यातला डोक्यावर आलेला एक निवडायचा, कोपऱ्यांतले तारे धरून आत किती तारे दिसतात ते मोजायचं आणि तक्त्यात त्या संख्येपुढची प्रत वाचायची. दोन वेगवेगळ्या क्षेत्रांत मोजून सरासरी घेतलेली बरी.

गोम मोजण्यात आहे. आधी नकाशा बघून मग आभाळात तारे शोधू नका. जिथे तारा आहे हे माहीत असतं तिथे तो “दिसतो”. माझ्या भावाची ही खोड मोडायला दोन वर्षं लागली. लुकलुकत दिसणारा, क्षणात आहे क्षणात नाही असा तारा धरायचा का? मी धरते, निदान तीनदा त्याच जागी दिसला तर. तुम्ही दुसरा नियम केलात तरी चालेल, पण मग तो कायम ठेवा. ज्या खुर्चीत, ज्या चष्म्याने उल्का मोजणार त्याच अवस्थेत तारे मोजा आणि दर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा.

त्या रात्री माझी सीमाप्रत ५.९ आली, भावाची ६.३. आता हिशोब बघा. उल्कांची संख्या प्रत एकाने मंद झाली की ठरावीक पटीने वाढते. त्या पटीला आर म्हणतात. मिथुन उल्कांसाठी ती साधारण २.६. आमच्या सीमाप्रतींतला फरक ०.४, २.६ चा ०.४ वा घात काढला की १.४७. माझ्या ४१ ला १.४७ ने गुणा: ६०. त्याच्या ६३. उरलेल्या तिनांबद्दल बोलायचं कारणच नाही.

म्हणजे तासभर जो अनुभव, सराव, डुलकी यांचा वाद घातला तो सगळा ०.४ प्रतीत मावला. आणि हाच डोळ्यांतला फरक प्रत्येक वर्षावात वेगळा दिसतो, हेही लक्षात ठेवा. ऑगस्टमधल्या ययाती वर्षावात आर २.२ च्या आसपास, तिथे आमच्यात १.३७ पट फरक पडायला हवा. वर्षाव नसलेल्या रात्री ज्या सुट्या उल्का दिसतात त्यांच्यात मंद उल्कांचा भरणा जास्त, आर ३ च्या आसपास, तिथे तोच फरक १.५५ पट होतो. “ऑगस्टमध्ये बरोबरीने मोजते आणि एरवी मागे पडते” अशी कुणाची तक्रार असेल तर कारण बहुधा हेच.

सीमाप्रत सारखी, तरी आकडा कमी

माझी एक मैत्रीण आहे, तिची सीमाप्रत माझ्याइतकीच येते. तरी ती माझ्या तीन-चतुर्थांशच मोजते, रात्रीमागून रात्री. तारे मोजताना माणूस एका जागी निवांत, तिरक्या नजरेने, पाच-पाच सेकंद बघत असतो. उल्का कुठे आणि कधी पडेल ते सांगून येत नाही आणि अर्ध्या सेकंदात संपते. तिथे डोळ्याइतकंच लक्ष मोजलं जातं, ते किती रुंद पसरलं आहे ते.

मी तिला एक रकाना वाढवायला सांगितला. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे आभाळात साधारण १० अंश. प्रत्येक उल्का नजरेच्या मध्यापासून किती मुठी दूर दिसली ते बोलायचं. रात्रीअखेर तिच्या २८ उल्कांपैकी १९ दोन मुठींच्या आतल्या निघाल्या. आता दोन मुठींच्या आतल्या वर्तुळापेक्षा दोन ते चार मुठींमधल्या कड्याचं क्षेत्र जवळजवळ तिप्पट आहे. उल्का मोजताना कामी येणारं क्षेत्र एकूण १०५ अंश व्यासाचं धरतात, म्हणजे मध्यापासून पाच मुठींपर्यंत. ती नळीतून बघितल्यासारखं आभाळ बघत होती.

हे सुधारतं. तिने एक तारा धरून त्यावर टक लावायची सवय सोडली. एकाच बिंदूवर टक लावली की कडेचं अंधुक दृश्य हळूहळू विरून जातं. ट्रॉक्सलर यांनी १८०४ साली हे नोंदवलं होतं, तुम्ही आज रात्री करून बघू शकता. कृत्तिकांवर नजर रोखा, वीस सेकंदांत भोवतालचे मंद तारे गळायला लागतील. उलट नजर भिरभिर फिरवली तरी उल्का सुटतात. मधला मार्ग असा की नजर आठ-दहा अंशांच्या एका टापूत सैल भटकू द्यायची, “बघायचं” नाही, समोर पडदा आहे आणि तो सगळाच्या सगळा मला दिसतो आहे असं राहायचं. शब्दांत सांगणं कठीण आहे. चार-पाच रात्रींत जमतं. क्षेत्राचा मध्य क्षितिजापासून ५० ते ७० अंश वर ठेवा, उगमबिंदूपासून, म्हणजे वर्षावातल्या उल्का जिथून फाकल्यासारख्या वाटतात त्या जागेपासून, २० ते ४० अंश बाजूला.

दोघांनी मिळून मोजायची रीत

आता माझा आवडता भाग. अर्न्स्ट ओपिक हे एस्टोनियाचे खगोलज्ञ. त्यांनी १९२० च्या ययाती वर्षावासाठी ही रीत वापरली आणि १९२२ मध्ये ती मांडली. दोन माणसं एकाच क्षेत्राकडे बघतात आणि स्वतंत्रपणे मोजतात. मग कुठल्या उल्का दोघांनी पाहिल्या ते शोधायचं. समजा एकाच्या ४०, दुसऱ्याच्या ३०, आणि त्यातल्या २० सामाईक. पहिल्याने दुसऱ्याच्या ३० पैकी २० पाहिल्या, म्हणजे दर तीनमागे दोन. मग त्याच्या ४० हेही एकूण उल्कांच्या दोन-तृतीयांश असणार, एकूण उल्का ६०. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून सामाईकने भागलं की झालं.

अट एकच: दोघं खरोखर स्वतंत्र हवेत. तोंडातून “ओ!” निघाला की संपलं. आम्ही प्रत्येकी एक छोटा रेकॉर्डर छातीवर ठेवतो, सुरुवातीला एकदा मोठ्याने टाळी वाजवतो, तीच दोन्ही ध्वनिफितींची शून्य वेळ. मग पुटपुटायचं, शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही इतकं: “मिथुन, तीन, दोन मुठी, डावीकडे” (वर्षाव, तेजाची प्रत, मध्यापासूनचं अंतर, दिशा). कानात कापसाचे बोळे घातले तर आणखी चांगलं. वहीत लिहिण्यापेक्षा हे केव्हाही बरं, कारण लिहायला मान खाली घातली की तेवढा वेळ आभाळ मोकळं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फिती ऐकून जोड्या लावायच्या. पाच सेकंदांच्या आतल्या, एकाच दिशेच्या नोंदी सामाईक. भाऊ उल्का संपायच्या आत बोलतो, मी एक श्वास घेऊन बोलते, हा फरकही एकदा कळला की जोड्या लावणं सोपं जातं. हे काम कंटाळवाणं आहे, तासाच्या मोजणीला दीड तास जातो. पण जे निघतं ते दुसऱ्या कशानेही निघत नाही.

आमच्या त्या तासाचं असं निघालं. तेजस्वी उल्का, म्हणजे २ प्रत किंवा त्याहून ठळक: माझ्या १८, त्याच्या १७, सामाईक १५. मंद, म्हणजे ३ आणि पुढच्या: माझ्या २३, त्याच्या ४६, सामाईक ९. तेजस्वी उल्कांत त्याच्या १७ पैकी १५ मी पाहिल्या, ८८ टक्के. माझ्या १८ पैकी १५ त्याने, ८३ टक्के. इथे मी मागे नाहीच, लक्ष माझं त्याच्यापेक्षा काकणभर सरसच म्हणा. मंद उल्कांत मात्र त्याच्या ४६ पैकी मला फक्त ९ दिसल्या, २० टक्के, आणि माझ्या २३ पैकी त्याला ९, ३९ टक्के. सगळा फरक मंद टोकाला. बाहुली आणि भिंग, बाकी काही नाही. “डुलकी” या शब्दाचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.

तेजस्वी आणि मंद वेगळे करायलाच हवेत, हेही या आकड्यांतूनच दिसतं. सरसकट हिशोब केला तर ४१ गुणिले ६३ भागिले २४, एकूण १०८ येतात. वेगवेगळा केला तर तेजस्वी २० आणि मंद ११८, मिळून १३८. सरसकटात तीस उल्का कुठे गेल्या? ठळक उल्का दोघांनाही दिसतात, त्यामुळे सामाईक आकडा फुगतो आणि उत्तर खाली येतं. १३८ सुद्धा कमीच. दोघांच्याही आवाक्याबाहेरच्या मंद उल्कांचा त्यात पत्ता नाही.

एका तासावर विसंबू नका. ९ सामाईक उल्का हा लहान आकडा आहे, तो पुढच्या तासाला १३ होऊ शकतो. चार-पाच रात्री जमवा, मग टक्केवारी स्थिर व्हायला लागते.

जोडीदार नसेल तर दुसरा रस्ता आहे, लांबचा. वर्षाव नसलेल्या रात्रींतल्या सुट्या उल्कांचा ताशी दर काढायचा, सीमाप्रतीची दुरुस्ती करायची आणि त्याच महिन्यातल्या त्याच वेळेच्या इतरांच्या दराशी ताडायचा. वेळ तीच हवी, कारण सुट्या उल्का संध्याकाळी कमी आणि पहाटे जास्त असतात. इतरांचा दर १ धरला आणि तुमचा ०.६ आला, तर तो तुमचा दृष्टिगुणांक. झेडएचआर, म्हणजे उगमबिंदू डोक्यावर आणि आभाळ आदर्श असतं तर तासाला दिसल्या असत्या तेवढ्या उल्का, काढताना आकड्याला त्याने भागायचं. ०.६ ऐकून वाईट वाटून घेऊ नका. स्थिर ०.६ मला कधी ०.८ तर कधी १.३ भरणाऱ्यापेक्षा शंभरदा चालेल.

डुलकीची गोष्ट

लक्ष टिकत नाही हे आपल्याला कळत नाही, हीच त्यातली खरी अडचण. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये रडारवर नजर ठेवणाऱ्यांसाठी एक प्रयोग केला होता. घड्याळासारख्या तबकडीवर काटा टिकटिक सरकतो, मधूनच एकदम दोन घरं उडी मारतो. ती उडी पकडायची. पहिल्या अर्ध्या तासातच पकडण्याचं प्रमाण खाली आलं. उल्का मोजणं म्हणजे तीच तबकडी, फक्त थंडीत आणि आडवं पडून.

माझ्या एका पहाटेच्या फितीवर “सुटी, चार, तीन मुठी” यानंतर बावीस मिनिटं संथ घोरणं आहे. आणि मग, काहीच झालं नाही अशा आवाजात, “सुटी, दोन, एक मूठ.” मला स्वतःला शपथेवर वाटत होतं की मी जागी होते. रेकॉर्डर नसता तर तो पूर्ण तास म्हणून नोंदला गेला असता. तेव्हापासून तासाला दहा मिनिटं उठते, चालते, आणि ती दहा मिनिटं वेळेतून वजा करते. दर दहा मिनिटांनी वेळ मोठ्याने बोलायची सवय लावून घ्या. बोलला नाहीत तर झोपला होतात.

कोपऱ्यातल्या उल्का, तेज आणि रंग

नजरेच्या कडेला काहीतरी चमकल्यासारखं होतं, खात्री नसते. काही जण अशी प्रत्येक चमक धरतात, काही एकही धरत नाहीत. निव्वळ या स्वभावभेदाने दोन आकड्यांत बराच फरक पडू शकतो. मी “शंका” असं बोलते आणि शेवटी वेगळ्या मोजते, मुख्य आकड्यात नाही. माझ्या शंका बहुधा दहाला एक असतात. त्या वाढल्या की समजायचं, थकवा आला.

तेजाचा अंदाज सांगताना आधी ताऱ्याचं नाव मनात आणा, आकडा नंतर. ब्रह्महृदयासारखी, रोहिणीपेक्षा थोडी मंद, ध्रुवाएवढी, सप्तर्षीतल्या अत्रीएवढी, अरुंधतीएवढी: साधारण ०, १, २, ३ आणि ४. व्याधापेक्षा ठळक असेल तर उणे दोनच्या पुढे. प्रत्येकाचा अंदाज थोडा एकीकडे झुकतो. माझा अर्ध्या प्रतीने ठळककडे. जोडी लावलेल्या उल्कांचे दोघांचे आकडे समोरासमोर मांडले तेव्हा कळलं.

रंगावरून भांडू नका. मंद उल्का दंडपेशींना दिसते आणि दंडपेशींना रंग कळत नाही, ती सगळ्यांना राखाडीच. ठळक उल्का मला पिवळसर दिसते तीच भावाला हिरवट; माझ्या भिंगाचं वय त्यात मिसळलेलं आहे. लाल-हिरवा रंग ओळखायला अडचण असणारे लोक विचारतात, आम्ही मोजावं का? खुशाल. ती अडचण शंकुपेशींची असते.

एका वर्षी आमच्या गटाचा तक्ता एकत्र करणाऱ्याने माझा तास गाळून टाकला, “बाकीच्यांशी जुळत नाही” म्हणून. मला फार लागलं होतं. १७९६ साली ग्रिनिचच्या वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलाइन यांनी आपला सहायक डेव्हिड किनब्रुक याला कामावरून काढलं, कारण ताऱ्याच्या संक्रमणाची वेळ तो त्यांच्यापेक्षा ०.८ सेकंद उशिरा नोंदवायचा. पुढे जर्मन खगोलज्ञ बेसेल यांनी निरीक्षकांची एकमेकांशी तुलना करून दाखवलं की असा फरक चांगल्या चांगल्यांतही असतो, आणि तो मोजताही येतो. मी पुढच्या वर्षीपासून प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर माझी सीमाप्रत, गुणांक, वय आणि चष्म्याचा नंबर लिहायला लागले. पुन्हा कुणी माझा तास गाळलेला नाही.

हे माप दर वर्षी नव्याने घ्यावं लागतं, डोळा आहे तिथेच थांबत नाही. २०१२ च्या डिसेंबरात, याच जागेवरून, तितक्याच स्वच्छ आभाळात माझी सीमाप्रत ६.२ होती. भाऊ अलीकडे नकाशा वाचताना हात लांब करायला लागला आहे. मागच्या वेळी त्याची सीमाप्रत ६.२ आली. पुन्हा मोजतो म्हणाला, मोजली, पुन्हा ६.२. मी काही बोलले नाही, वहीत लिहून घेतलं.